कळलं नाही, परत सांगा

माझ्या घशात गाठ झाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद शेजारच्या वर्गाला झाला असणार. मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि माझा आवाज असा होता की मी नववीला विजेचा धडा सांगायला लागलो की भिंतीपलीकडच्या आठवीलाही तो पाठ व्हायचा. पोरांनी माझं नाव 'भोंगा' ठेवलं होतं. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. भोंग्याची आणखी एक ख्याती होती. तो एकदाच वाजायचा. "मी एकदाच सांगणार, कान उघडे ठेवा," हे माझं ठरलेलं वाक्य, आणि 'परत सांगा' म्हणायची छाती वर्गात कोणाची नव्हती.

पण मला माझ्याबद्दल लिहायचं नाही. मला आमच्या हिच्याबद्दल लिहायचंय. ही म्हणजे माझी बायको. तिने मला आयुष्यभर 'अहो' म्हटलं आणि मी तिला 'अगं', तेवढ्यावर आमचा संसार निभावला, तेव्हा इथेही तेवढ्यावरच निभावून नेतो.

ही शिवणकाम करते. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन आहे, बाजूच्या टेबलावर इस्त्री, दाराच्या कडीला अर्धवट शिवलेले गणवेश, आणि जमिनीवर कायम चिंध्या. मी पाय ठेवीन तिथे नेमकी टाचणी असते. ही उंच आहे, इतकी की आमच्या स्वयंपाकघराच्या दारात तिला मान लववावी लागते आणि मला लागत नाही. लग्नाच्या फोटोत मला पाटावर उभं केलं होतं. पाट फोटोत दिसत नाही, पण ही तो विसरू देत नाही. शिक्षण आठवीपर्यंत. आई आजारी पडली, घरात थोरली हीच, म्हणून शाळा सुटली. त्याबद्दल तिने कधी कुरकुर केलेली मला आठवत नाही. ओठांत टाचण्या धरून बोलायची मात्र तिला सवय आहे, त्यामुळे कुरकुर केलीही असेल आणि मला कळली नसेल.

गाठ साधी निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "आता मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने घसा जास्त दुखावतो." मी मान डोलावली. ही शेजारी उभी होती. तिने तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर म्हणाली, "देवाने एकदाची माझी पाळी आणली."

घरी हसण्यावारी गेलं, शाळेत जाणार नव्हतं. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, त्यांनी मला बोलावून घेतलं. बाई वाईट नाहीत. सरळ आहेत. म्हणाल्या, "सर, यंदा तुम्ही ग्रंथालय बघा. नववी दुसऱ्या कोणाला देते. बिनआवाजाचा शिक्षक वर्गात ठेवला तर उद्या पालक माझ्या दारात येतील." मी समोरच्या कागदावर लिहिलं, 'थोडा वेळ द्या.' बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. चाचणीच्या आधी मी एकदा न सांगता वर्गात येऊन बसेन. पोरं शिकताना दिसली तर वर्ग तुमचा. नाही तर ग्रंथालय, आणि मग वाद नको."

लोकांना वाटतं, मास्तराला काय, इथे बसला काय आणि तिथे बसला काय. मला नववीचा वर्ग म्हणजे श्वास होता. तो गेला असता तर मी पगार घेत राहिलो असतो, पण माणूस म्हणून संपलो असतो. घरी येऊन हे सगळं हिला लिहून दाखवलं. तिने वाचलं, मशीन थांबवलं आणि मुलीला फोन लावला.

मुलगी परगावी नोकरी करते. तिने व्हिडिओवर मला एक संकेतस्थळ दाखवलं. आपण प्रश्न लिहायचा, तो सगळ्यांच्या पडद्यावर जातो. समोरचे एक संकेतांक टाकून आत येतात, हवं ते नाव घेतात आणि उत्तर देतात. पर्याय दिले असतील तर समोरच्या मोठ्या पडद्यावर रंगीत पट्ट्या वर चढतात, मोकळं उत्तर मागितलं असेल तर चिठ्ठ्या चिकटवल्यासारखी वाक्यं उमटत जातात. "बाबा, पोरांना खरी नावं टाकायला लावू नका," ती म्हणाली. "नाव लपलं की भीती जाते." शाळेत माजी विद्यार्थ्यांनी दिलेले टॅब होते. ते मोडतील या धास्तीने कपाटात कुलूपबंद होते, पडद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा कोणी काढलं नव्हतं. वर्गात मोठा पडदा होताच, आणि दोघांत एक टॅब पुरला असता.

मी घरी सराव सुरू केला. वर्ग म्हणून ही एकटी. मशीनच्या खांद्याला फोन टेकवून ती आत आली. नाव विचारलं गेलं तेव्हा तिने क्षणभर विचार केला आणि टाकलं, 'मागचा बाक'. मी भुवया उंचावल्या. म्हणाली, "मी उंच ना, मला कायम मागे बसवायचे. तिथून फळ्यावरचं दिसायचं, पण कळलं नाही तर विचारायची सोय नव्हती. विचारलं की सगळा वर्ग मान वळवून बघायचा, ही कोण एवढी लांबलचक. मग विचारणंच सोडलं."

सराव चांगला झाला, पण त्याला भलतेच फाटे फुटले. मला बोलता येत नव्हतं, आणि हिचे हात कामात असायचे, माझे कागद वाचायला ती कुठे मान वळवणार? मग मी घरातलंही सगळं त्यातूनच विचारायला लागलो. 'चहा मिळेल का? पर्याय: आत्ता, थोड्या वेळाने, स्वतः करून घ्या.' हिने एका बोटाने तिसरा पर्याय दाबला की माझ्या लॅपटॉपवर शंभर टक्क्यांची लाल पट्टी चढायची. एकदा मी विचारलं, 'माझा निळा शर्ट कुठे आहे?' उत्तर आलं, 'जिथे ठेवलात तिथे.' मतदान इतकं एकमुखी दुसऱ्या कुठल्या घरात होत नसेल.

यात एक गोम राहिली. घरच्या आणि शाळेच्या प्रश्नांना मी एकच संकेतांक ठेवला. तो बदलायचा असतो हे मुलीने सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं. एकदाच सांगितलेलं असल्यामुळे लक्षात राहिलं नाही.

वर्गातले पहिले दिवस अवघड गेले. मी टाळी वाजवून पोरांना गप्प करायचो, समोर प्रश्न टाकायचो, पट्ट्या वर चढायच्या, बरोबर पट्टीला हिरवा रंग यायचा आणि पोरं ओरडायची. मजा आली त्यांना. नावंही एकेक बहाद्दर घेतलेली: 'झोपलेला सिंह', 'खोडरबर', 'खिडकी'. एकाच टॅबवरून दोन-दोन नावांनी घुसत असल्यामुळे हजेरीचा आणि पडद्याचा आकडा कधीच जुळत नसे. पण मी मनातून खट्टू होतो. पोरं पर्याय दाबत होती, पैज लावल्यासारखी. कळत होतं की नाही, याचा पत्ता नव्हता. मोठ्या बाईंना पट्ट्या दाखवून भागणार नव्हतं.

मग विजेमुळे उष्णता कशी निर्माण होते, तो भाग आला. मी सूत्र टाकलं, खाली लिहिलं, 'कळलं का?' भराभर चिठ्ठ्या उमटल्या. हो. हो सर. कळलं. हो. आणि मध्येच एक आली:

'मागचा बाक: कळलं नाही. परत सांगा. इस्त्री एवढी तापते, मग तिची वायर गार कशी राहते? वीज तर त्याच वायरीतून जाते ना?'

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. नाव ओळखीचं वाटलं, पण मला वाटलं, आपल्या वर्गातही मागचा बाक आहेच की, कोणा मुलाला तेच सुचलं असेल. घरी प्रश्न आला की उत्तर द्यायचं, हा हिचा रिवाज पडला होता. फोन वाजला, तिने पाहिलं, आणि तिच्या हातात त्या वेळी इस्त्रीच होती.

वर्ग चिडीचूप झाला. नंतर सगळे मागे वळून बघायला लागले, पण मागच्या बाकावरचेही मागेच बघत होते. मला उत्तर सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि मिटलं. आवाज असता तर मी गडगडलो असतो आणि विषय संपवला असता. आता नुसता उभा राहिलो. तेवढ्यात कोणीतरी उठून म्हणालं, "सर, वीज सारखीच जाते, पण इस्त्रीच्या आतल्या तारेत तिला जास्त अडथळा होतो." दुसरा म्हणाला, "म्हणजे मधली सुट्टी झाली की आपण व्हरांड्यात आरामात चालतो आणि फाटकाशी घामाघूम होतो तसं." "फाटकात घासाघीस होते म्हणून!" तिसरीने ओरडून सांगितलं. पडद्यावर चिठ्ठी आली, 'मागचा बाक: आता कळलं. बरं झालं.' वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी पाठ फिरवून फळा पुसत राहिलो, कारण डोळे भरून आले होते.

त्या दिवसापासून वर्गाची रीतच बदलली. मागचा बाक रोज यायचा. रोज नाही तर एक दिवसाआड 'कळलं नाही, परत सांगा' म्हणायचा, आणि त्याला समजावण्यासाठी पोरांची चढाओढ लागायची. एकाला समजावता समजावता बाकीच्यांना कळायचं. मला वाटायचं, हा मागचा बाक म्हणजे 'खिडकी' असणार. खिडकी म्हणजे शेवटच्या रांगेतली एक मुलगी. ती दिवसभर खिडकीबाहेर बघायची, आणि वर्षानुवर्षं तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. मी घरी येऊन हिला कौतुकाने लिहून दाखवायचो की एक अबोल पोर बोलायला लागलीय. ही टाचण्या ओठांत धरून "हं" म्हणायची. त्या 'हं'मध्ये किती काय होतं, ते आता कळतं.

भांडं फुटलं ते असं. वर्ग रंगात आला होता. सगळी मागच्या बाकाच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत होती, आणि पडद्यावर उमटलं:

'मागचा बाक: जरा थांबा, गिऱ्हाईक आलंय.'

असा हशा पिकला की शेजारची आठवी दारात येऊन उभी राहिली. मी मात्र खुर्चीत बसलो. मशीन, फोन, इस्त्री, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. पोरांनी माझा चेहरा वाचला. "सर, कोण आहे ते? सर, सांगा ना!" मी फळ्यावर लिहिलं, 'माझ्या घरचे.' त्यावर जो गोंधळ झाला तो मोठ्या बाईंच्या खोलीपर्यंत गेला.

बाई दारात आल्या, पडदा वाचला. म्हणाल्या, "वर्ग चालू असताना बाहेरचं माणूस आत? सर, हे बरोबर नाही. मी उद्याच येऊन बसते." बाईंचं चुकत नव्हतं.

घरी गेलो तो तावातावाने. पण लिहून रागावणं भारी अवघड. मी खसाखसा लिहिलं आणि पुढे धरलं. हिने चष्मा लावला, शांतपणे वाचलं आणि म्हणाली, "पहिल्या दिवशी मला वाटलं तुम्ही मलाच विचारताय. मग बाकीच्यांची उत्तरं दिसली, तेव्हा कळलं की हा वर्ग आहे. उठणार होते. पण कोणी हाकललं नाही, म्हणून बसले." तिने चष्मा काढला. "आणि एक सांगू? तिथे कोणी मान वळवून माझ्याकडे बघितलं नाही. उलट समजावून सांगितलं. चुकलं का माझं?"

एवढी वर्षं मी गावच्या पोरांना शिकवत होतो आणि घरातली ही, आठवीनंतर सुटलेली नववी कुठेतरी शोधत होती. मी 'नाही' असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

"पण उद्या मी येत नाही," ती म्हणाली. "उद्या तुमच्या वर्गाचा प्रश्न आहे. माझ्यामुळे घात नको." तिने माझ्यासमोर फोन बंद करून कपड्यांच्या ढिगाखाली ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई येऊन शेवटच्या रांगेत बसल्या, खिडकीच्या शेजारी. पोरं ताठ. मी टाळी वाजवायच्या आधीच शांतता. समोर प्रश्न टाकला: 'जुन्या दिव्यांच्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझते. मग घरातला एक दिवा गेला तर बाकीचे का विझत नाहीत?' सोबत दोन आकृत्या. खाली विचारलं, 'आकृत्या कळल्या का?'

हो सर. हो. कळल्या. हो सर. ओळीने सभ्य चिठ्ठ्या. बाई पडद्याकडे बघत होत्या, मी बाईंकडे. मला स्पष्ट दिसत होतं की अर्ध्या वर्गाला काही कळलेलं नाही आणि बाईंसमोर कोणी तसं म्हणणार नाही. मला ग्रंथालयातली ती लोखंडी खुर्ची दिसायला लागली. उगाच पडद्यावर नजर जात होती, पण आज ते नाव येणार नव्हतं. फोन कपड्यांखाली होता.

आणि ते आलं.

'मागचा बाक: कळलं नाही. परत सांगा.'

पहिला विचार हाच की हिने दिलेला शब्द मोडला. मग मागे पाहिलं. खिडकी आज बाहेर बघत नव्हती. टॅबवर ओणवी झाली होती आणि तिचे कान लालभडक झाले होते. तिने नाव बदलून घेतलं होतं. तेवढ्यात दुसरी चिठ्ठी उमटली, 'मागचा बाक: मलाही नाही कळलं.' मग तिसरी. झोपलेला सिंह गेला, खोडरबर गेलं, बघता बघता पडदाभर एकच नाव झालं.

मग काय विचारता! ज्यांना कळलं होतं ते उठले. एकाने सगळ्या रांगेला हात धरायला लावले आणि मधल्याचा हात सोडवला. "बघा, इथे तुटलं की पुढचे सगळे बंद." दुसरीने प्रत्येकाचा हात थेट भिंतीला लावला. "घरात असं असतं. प्रत्येकाची वाट वेगळी. एक बसला तरी बाकीचे चालू." आणि खिडकी, जिचा आवाज कोणी ऐकला नव्हता, बाईंच्या शेजारून उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मग मेन बटण बंद केलं की सगळे का जातात?" तोंडाने विचारलं तिने. सगळ्या वर्गासमोर. मी तिच्याकडे बोट दाखवून नुसता हसत राहिलो. घंटा झाली तरी वाद चालूच होता.

पोरं बाहेर गेल्यावर बाई पडद्यासमोर उभ्या राहिल्या. "यातल्या तुमच्या घरच्या चिठ्ठ्या कोणत्या?" त्यांनी विचारलं.

मी फळ्यावर लिहिलं, 'आज एकही नाही.'

बाईंनी पडदा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "वर्ग तुमचाच. आणि घरी सांगा, मला विचारून बसायला हरकत नाही. फक्त गिऱ्हाईक आलं की गपचूप उठून जा म्हणावं."

मला घरी पोचायची घाई होती, पण वाटेत दवाखाना होता आणि त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं. त्यांनी घशात दिवा धरला, समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "आता बोला. हळू बोला, मोजकं बोला, आणि पहिलं वाक्य काय बोलायचं ते नीट ठरवा. माणसं काहीतरी फालतू बोलून ते वाया घालवतात." मी ठरवत ठरवत घरी गेलो.

ही मशीनवर होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "काय झालं? लिहा पटकन." मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. भोंग्याचा आवाज गेलाच होता. जो निघाला तो इतका बारीक आणि घोगरा की माझा मलाच ओळखू आला नाही.

"तुझ्यामुळे माझा वर्ग राहिला," मी म्हणालो. "तुझे फार उपकार आहेत माझ्यावर."

मशीन थांबलं. तिने ओठांतल्या टाचण्या एकेक काढून मशीनवरच्या छोट्या उशीला टोचल्या. नाकावरचा चष्मा वर केला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर ते दवाखान्याबाहेरचं हसू.

"कळलं नाही," ती म्हणाली. "परत सांगा."

मी परत सांगितलं.